प्लास्टिकच्या आतलं वर्ष

जव्हारच्या अभ्यासकेंद्राच्या क्लार्कने माझं प्रमाणपत्र हातात घेतलं, टेबलाच्या कडेवर दोनदा आपटलं आणि म्हणाला, "मॅडम, हे वाजतंय."

वाजणारच. लॅमिनेशन केलेलं होतं, तेही साधं नाही. आमच्या ह्यांनी दुकानदाराला सांगून सगळ्यात जाड प्लास्टिक घालून घेतलं होतं. आमच्याकडे खोडाळ्याच्या बाजूला चार महिने धुकं घरात येऊन बसतं. पत्र्याच्या पेटीतल्या कागदांना बुरशी लागते, आणि बुरशीतून वाचलेले कागद कसर खाते. म्हणून हातात चार पैसे आले की माणसं जव्हारला जाऊन लॅमिनेशन करून आणतात. आधार कार्ड, जातीचा दाखला, लसीकरणाचा कागद, सगळं प्लास्टिकात. आमच्या शेजारच्या घरी तर लग्नपत्रिकाही प्लास्टिकात आहे. ते लग्न मोडलं, पत्रिका अजून चकाचक आहे.

"वाजतंय ते खरं," मी हसून म्हटलं, "पण त्यानं काही बिघडतं का?"

"मागच्या बाजूला शिक्का मारायचा असतो," क्लार्क म्हणाला. पोरगेलासा होता, पण बोलणं मापातलं. "क्रेडिट वर्ग केल्याचा. एकदा वापरलेले क्रेडिट दुसऱ्या ठिकाणी वापरू नयेत म्हणून. मूळ कागदावरच मारायचा."

"मी दुसरीकडे कुठे जाणार? इथं यायला मला दोन गाड्या बदलाव्या लागतात."

तो हसला नाही.

हे क्रेडिट काय प्रकरण होतं, ते सांगते. मी अंगणवाडी सेविका. दहावीनंतर लग्न झालं आणि पुस्तक मिटलं. पुढं किती तरी वर्षांनी, मुलं हाताबाहेर गेल्यावर, म्हणजे चांगल्या अर्थानं, मी मुक्त विद्यालयातून बारावीला बसले. त्यात एक जास्तीचा, वरच्या पातळीचा विषय घेता येत होता: बालसंगोपन. पुस्तक जाडजूड, लेखी दोन पेपर आणि वर प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकाला आलेल्या परीक्षक बाईंनी मला विचारलं, "रडणाऱ्या मुलाला कसं हाताळाल?" मी म्हटलं, "एक रडतंय की वीस?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि मार्क चांगले दिले.

या विषयाचं वेगळं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, छापलेले. विद्यापीठाच्या नव्या नियमात ते क्रेडिट पदवीत धरत होते. माझ्या अभ्यासक्रमाला तर त्यामुळे सगळं पहिलं वर्ष माफ होत होतं. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश.

आता कुणी म्हणेल, एवढी घाई कसली? घाई वयाची. सेविकेची पर्यवेक्षिका व्हायचं तर पदवी लागते आणि पंचेचाळिशीच्या आत अर्ज करावा लागतो. मला बेचाळीस पूर्ण होऊन वर काही महिने झाले होते. खरं वय देवाला माहीत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आमच्या अख्ख्या वर्गाचा जन्म एक जूनला लावून टाकला होता. पण कागद म्हणतो तेच वय. पदवी तीन वर्षांत केली तर निकाल लागेपर्यंत पंचेचाळीस उलटणार आणि दोन वर्षांत केली तर नाही. सगळा हिशोब त्या एका वर्षावर, आणि ते वर्ष प्लास्टिकच्या आत.

"बघा तरी मारून," मी म्हटलं.

त्यानं शिक्का शाईत दाबला आणि प्रमाणपत्राच्या पाठीवर मारला. जांभळे थेंब पाण्यासारखे गोळा झाले. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला. एका फटक्यात माझं वर्ष पुसलं गेलं.

"दुसरी प्रत?"

"मुक्त विद्यालयाकडे अर्ज करा. दोन-तीन महिने धरा."

"आणि इथली मुदत?"

"आज. पाच वाजता पोर्टल बंद होतं." मग जरा मवाळ होऊन म्हणाला, "मॅडम, पहिल्या वर्षाला घ्या ना प्रवेश. त्याला नुसती झेरॉक्स चालते. एका वर्षानं काय होतं?"

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते. मी प्रमाणपत्र उचललं, पाठ पदरानं पुसली आणि म्हटलं, "पाचच्या आत येते." हे मी अशा आवाजात म्हटलं की मागच्या बाकावर बसलेल्या दोन मुली उठून उभ्या राहिल्या. मी बाहेर व्हरांड्यात आले.

ह्यांना फोन लावला. आमच्या गावात रेंज पाण्याच्या टाकीवर येते आणि हे ग्रामपंचायतीचं पाणी सोडतात, म्हणून नवराबायकोचं बोलणं तरी होतं.

"काय झालं? भिजलं का प्रमाणपत्र?" ह्यांचा पहिला प्रश्न.

"भिजलं असतं तर सुकवलं असतं."

सगळं सांगितलं. पलीकडे नुसतं पाणी पडल्याचा आवाज. मग म्हणाले, "मी तर नीट राहावं म्हणून केलं गं." हे ठाण्याला बिगारी कामावर होते तेव्हापासून काही बिघडलं की 'टेन्शन नको' म्हणतात. त्या दिवशी म्हणाले नाहीत. त्यानं मला जास्त भीती वाटली. शेवटी म्हणाले, "आक्काकडे जा."

"तिच्याकडे? मुळीच नाही," असं म्हणून मी फोन ठेवला आणि थेट लॅमिनेशनच्या दुकानात गेले.

दुकानदारानं आपलं काम लगेच ओळखलं. "हे माझंच आहे. बघा, एक बुडबुडा नाही."

"तेच काढायचंय."

त्यानं मान हलवली. "ताई, हे गरम करून चिकटवायचं मशीन आहे, सोडवायचं नाही. ओढायला गेलात तर अक्षरं प्लास्टिकाला येतात, कागद राहतो कोरा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कलर झेरॉक्स काढून देतो, जाड कागदावर. कुणाच्या बापाला कळणार नाही."

खोटं कशाला बोलू? माझ्या मनात आलं. त्याच्या मशीनचं झाकण वर गेलं, मी प्रमाणपत्र पुढे केलं, काचेवर ठेवणार एवढ्यात मला आमच्या अंगणवाडीतली पोरं आठवली. त्यांना रोज सांगते, दुसऱ्याचा खाऊ घेऊन आपला म्हणायचं नाही. आणि दुसरं म्हणजे मला चेहऱ्यावर खोटं ठेवता येत नाही. नाटक येतं, खोटं येत नाही. दोन्हींत फरक आहे. मी हात मागे घेतला. दीड वाजला होता. आता आक्काशिवाय कुणी उरलं नव्हतं.

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, माझी नणंद. साखरशेतला दिलेली, पण आता जव्हारला खोली घेऊन राहते. बचत गटात नागलीचे आणि तांदळाचे पापड करते. तिची शाळा सातवीत सुटली, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणी नव्हतं. त्या भावंडांत आमचे हे सगळ्यात धाकटे, म्हणजे सगळ्यात जास्त सांभाळलेले. मी चाळिशीत बारावीला बसले तेव्हा ती भर हळदीच्या मांडवात बोलली होती, "आमच्या भावजयीला आता नातवंडांच्या वर्गात बसायचंय." मी तिला उत्तर दिलं होतं. काय दिलं ते इथं लिहीत नाही. तेव्हापासून वर्षभर आमचं बोलणं म्हणजे 'आलीस' आणि 'जाते' एवढंच.

दार उघडंच होतं. ती तांदूळ निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "आली का मास्तरीणबाई? भावानं फोन केला मला. दाव काय ते."

मी प्रमाणपत्र दिलं. तिनं ते उजेडाकडे धरलं, वाकवलं, कडेवर नख फिरवलं आणि वास घेतला. वाचलं मात्र नाही.

"शिक्का कुठं मारायचाय?"

"मागं."

"मागंच ना? पुढं नाही?"

"पुढं कशाला?"

"मग पुढचं प्लास्टिक राहू दे की. अक्षरं पुढं आहेत. मागं कोराच कागूद आहे. मागचं तेवढं सोलायचं."

सव्वाबारापासून मी जव्हारभर धावत होते. क्लार्क शिकलेला, दुकानदार अनुभवी, मी बारावी पास. एवढं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुझ्याकडे इस्त्री आहे?" मी विचारलं. ऊब लागली की प्लास्टिकचा गोंद सैल होतो, एवढं दुकानदाराच्या बोलण्यातून मला कळलं होतं.

"इस्त्री आहे, या गल्लीत लाइट नाही. सकाळी गेली ती गेली." तिनं तांदळाचं सूप बाजूला सारलं आणि गॅसवर पाणी ठेवलं. "जा, फळीवरचा तांब्या घे. सपाट बुडाचा. आणि रडतस कशाला? अजून फाटला नाही."

मी रडत नव्हते. पण तिनं म्हटल्यावर रडू लागले.

तिनं आधी कात्रीनं चारी बाजूंची प्लास्टिकची कड कापली, कागदाला न लागता, केसाइतकं अंतर ठेवून. प्रमाणपत्र पाटावर पालथं घातलं. वर जुन्या लुगड्याचा तुकडा पसरला. तांब्यात उकळतं पाणी ओतलं, फडक्यानं धरला आणि एका कोपऱ्यावर ठेवला. मनात काहीतरी मोजत होती. मग तांब्या उचलला, नखानं कोपरा खरवडला. काही नाही. पुन्हा तांब्या, पुन्हा नख. तिसऱ्या खेपेला प्लास्टिकचं टोक सुटलं, उंदराच्या कानाएवढं.

मी हात पुढे केला.

"हात नको लावू!" ती अशी ओरडली की माझा हात हवेतच राहिला. "पापड कधी उचललास का प्लास्टिकवरून?"

"उचललेत."

"फाटले ना?"

"फाटले."

"कारण तू पापड ओढतस. पापड ओढायचा नसतो. पापड हातावर पालथा घ्यायचा आणि प्लास्टिक मागं न्यायचं, आडवं, त्याच्याच अंगावरून. त्याला कळलं नाही पाहिजे की सुटतोय."

आणि तिनं तसंच केलं. सुटलेलं टोक चिमटीत धरून उलटं दुमडलं आणि कागदाला लागूनच मागं न्यायला लागली. बोटभर झालं की थांबायची, पुढच्या पट्टीवर तांब्या, मग पुन्हा बोटभर. चर्र असा बारीक आवाज यायचा. त्या आवाजाचा मला अजून राग आहे. पाणी निवलं की ते ओतून नवं घ्यायचं काम माझं. मी दोनदा पाणी बदललं. अडीच वाजले. अर्धा कागदही झाला नव्हता.

मध्यावर आवाज बदलला. चर्रच्या जागी खस्स. आक्काचा हात थांबला. प्लास्टिकाच्या आतल्या बाजूला पांढरा पापुद्रा दिसत होता, रुपयाएवढा. कागदाचा थर वर आला होता.

"गेलं?" मी विचारलं.

तिनं कपाळावरचा घाम पदरानं टिपला. मग म्हणाली, "बाहेर जाऊन उभी राहा."

"का?"

"तुझा हात कापतो. तुझा कापला की माझा कापतो. जा बाहेर."

मी उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिले. समोर धुकं इतकं की गल्लीतलं पलीकडचं दार दिसत नव्हतं. आयुष्यात मी पुष्कळ वेळा मुद्दाम थांबून लोकांना ताटकळत ठेवलंय. गोष्ट सांगताना मला तेच आवडतं. त्या दिवशी कुणीतरी मलाच ताटकळत ठेवलं. मागून चर्र, मग काहीच नाही. तांब्या टेकल्याचा आवाज. चर्र. काहीच नाही. ती काहीच नसलेली वेळ मी मोजायला लागले. एकदा मोजत मोजत साठाच्या पुढं गेले तेव्हा मला वाटलं, आत आक्का फाटलेला कागद मांडीवर घेऊन बसलीये आणि मला हाक कशी मारावी हे तिला कळत नाहीये.

"ये."

आत गेले. पाटावर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळी होऊन पडलं होतं. त्याच्या शेजारी प्रमाणपत्र, पालथं. पाठ मोकळी होती. मध्ये तो रुपयाएवढा पातळ डाग, त्यातून पुढची छापील ओळ उलटी दिसत होती. पण भोक नव्हतं.

आक्कानं बोटं मिठाच्या पाण्यात घातली. बोटांची टोकं लाल झाली होती. "चल," म्हणाली, "मी पण येते. तिथं कुणी काही बोललं तर तुला धड उत्तर देता येत नाही. मला मांडवात देतस तेवढंच."

चार वाजून वीस मिनिटांनी आम्ही केंद्रावर पोचलो. पावसाची भुरभुर होती, म्हणून प्रमाणपत्र आक्कानं पोलक्याच्या आत धरलं होतं. ते बाहेर काढलं तर पाठीला उरलेला गोंद आणि त्या गोंदाला लुगड्याचे दोन धागे.

क्लार्कनं ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "पुढे प्लास्टिक, मागे कागद? असं मी कधी पाहिलं नाही. सरांना विचारावं लागेल."

सर आतून आले. केंद्रप्रमुख, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी प्रमाणपत्र खिडकीसमोर धरलं आणि तो पातळ डाग नेमका उजेडात आला.

"हे काय केलंत तुम्ही? खाडाखोड?"

आक्का पुढे झाली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "साहेब, खाडाखोड पुढं करतात. तिथं प्लास्टिक आहे, तुमच्यासमोर. मागं काही लिहिलेलंच नव्हतं, तर खोडणार काय?"

"तुम्ही कोण?"

"सोलणारी."

मग प्रमाणपत्रावरचा नंबर सरांनी क्लार्कला कॉम्प्युटरवर टाकायला सांगितला. मुक्त विद्यालयाच्या यादीत नंबर जुळतोय का बघा, म्हणाले. पडद्यावर गोल फिरायला लागलं. फिरत राहिलं. चार पस्तीस. चार बेचाळीस. क्लार्कनं पान बंद करून पुन्हा उघडलं. आक्का माझ्या कानात म्हणाली, "हे काय शिजतंय?" मी म्हटलं, "रेंज." ती म्हणाली, "मग टाकीवर चढवा ना याला."

चार अठ्ठेचाळीसला नंबर आला. नाव जुळलं, विषय जुळला, क्रेडिट जुळले.

"मार," सर क्लार्कला म्हणाले.

शिक्का शाईत दाबला गेला. या वेळी शाई गोळा झाली नाही, कागदात शिरली. कडेला गोंदामुळे जरा फिसकटली, पण क्लार्कनं अंगठा फिरवला तरी हलली नाही. सरांनी सही करायला पेन काढलं आणि नेमकं त्या पातळ जागी टेकवलं.

"तिथं नको!" आक्का ओरडली. "फाटेल. इकडं करा, कोपऱ्यात."

आणि सरांनी, पांढऱ्या शर्टाच्या त्या माणसानं, सातवीत शाळा सुटलेल्या बाईनं दाखवलेल्या कोपऱ्यात निमूटपणे सही केली.

पावतीवर 'द्वितीय वर्ष' छापून आलं तेव्हा पाचला चार मिनिटं कमी होती. क्लार्कनं कपाटातून पुस्तकांचा गठ्ठा काढून दिला. प्रमाणपत्र परत देताना म्हणाला, "हे क्रेडिट आता वापरून झाले. पुन्हा कुठे चालणार नाहीत."

बाहेर आल्यावर मी आक्काचे हात धरले. लाल झालेली बोटं तिनं सोडवून घेतली. "ते राहू दे. पास हो. नाहीतर गटातल्या बायांना सांगेन, माझी बोटं फुकट गेली म्हणून." मग स्टँडपर्यंत माझ्याबरोबर चालत आली आणि वाटेत एकदाही 'मास्तरीणबाई' म्हणाली नाही. मीच दोनदा वाट पाहिली.

मोखाड्याची गाडी लागलेली होती. खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी सुटल्या सुटल्या मी गठ्ठ्यातलं सगळ्यात वरचं पुस्तक उघडलं. किती वर्षांनी माझ्या नावावर पुस्तकं आली होती, आणि तीही पदवीची. पहिला धडा, पहिलं वाक्य: 'मागील वर्षी आपण अभ्यासलेच आहे की'. त्याखाली आपण मागील वर्षी अभ्यासलेल्या गोष्टींची यादी.

मी ती यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. मुलांबद्दलचं एक-दोन कळलं. बाकीच्या गोष्टी मी कधी ऐकल्याही नव्हत्या. ज्या वर्षासाठी मी दिवसभर धावले, ते वर्ष सगळ्यांनी अभ्यासलं होतं, एक मी सोडून. आणि दोन वर्षांत सगळे विषय सुटायला हवेत, एकही मागे राहून चालणार नाही.

पिशवीतून पेन काढलं आणि न कळलेल्या पहिल्या शब्दाखाली रेघ मारली. मोखाडा येईपर्यंत पानभर रेघाच रेघा झाल्या होत्या. शेजारची बाई बराच वेळ बघत होती, शेवटी म्हणाली, "मुलीचं पुस्तक आहे का? कशाला खराब करताय?"

"माझंच आहे," मी म्हटलं, आणि पान उलटलं.